पेन्शनला येताना: फौजेतल्या शेवटच्या दोन वर्षांत उरकायची कामं

हे मार्गदर्शन शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंतच्या, किमान १५ वर्षं भरून पेन्शन घेऊन घरी येणाऱ्यांसाठी आहे. अग्निवीरांना पेन्शनही नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे त्यांनी हे नियम स्वतःला लावू नयेत.

डिस्चार्जच्या तारखेआधी २४ महिने सुरुवात करा. वर्दीत असताना चूक दुरुस्त करायला हेड क्लर्कच्या टेबलापर्यंत चालत जावं लागतं. घरी आल्यावर त्याच चुकीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून बेळगाव, सागर, नाशिक रोड किंवा अहिल्यानगरचं रेकॉर्ड ऑफिस आणि शेवटी प्रयागराजचं पेन्शन कार्यालय असा कागदाचा प्रवास सुरू होतो. त्यात महिने जातात.

पहिलं काम: नावं

मराठी जवानांच्या पेन्शनमध्ये सर्वांत जास्त खोळंबा नावामुळे होतो. भरतीच्या वेळी शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रात, नाव बहुधा आडनावापासून लिहिलं जातं: पाटील संभाजी दत्तू. आधारवर तोच माणूस संभाजी दत्तू पाटील असतो आणि पॅनकार्डावर कधी नुसता संभाजी पाटील. माणसाला यात काही वावगं दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ही तीन माणसं आहेत.

पत्नीच्या बाबतीत गुंता वाढतो. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडे रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या घरच्या बदलांची नोंद करणारा युनिटचा आदेश) आडनाव न लावता नुसतं पहिलं नाव, तेही हिंदी कानाने ऐकून लिहिलेलं. कुटुंब निवृत्तिवेतन याच नावावर मिळणार असतं. ही चूक बहुतेक घरांत पतीच्या मृत्यूनंतर उघडकीला येते, आणि तेव्हा धावपळ करायला तीच एकटी असते. म्हणून हे काम तुमच्या हयातीत, वर्दीत असतानाच संपवा.

युनिटमधून शीट रोलची प्रत काढा. तिच्यासमोर आधार, पॅन, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र ठेवा. स्वतःचं, पत्नीचं, प्रत्येक मुलाचं आणि आई-वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

तफावत सापडली की लगेच आधार केंद्रावर जाऊ नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. कुठला कागद प्रमाण धरायचा ते आधी ठरवा. स्वतःच्या बाबतीत फौजेच्या नोंदीप्रमाणे आधार आणि पॅन करून घेणं सहसा सोपं पडतं. पत्नीच्या बाबतीत विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव धरा. नाव पूर्ण बदललं असेल तर महाराष्ट्र राजपत्रात नावबदलाची नोंद करा आणि राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र व विवाह प्रमाणपत्र जोडून पार्ट टू ऑर्डर काढून घ्या. ऑर्डर निघाली एवढ्यावर थांबू नका, रेकॉर्ड ऑफिसने ती चढवली का ते विचारा. युनिटमध्ये निघालेली पण रेकॉर्डवर न चढलेली ऑर्डर असून नसल्यासारखी आहे.

पत्नीची जन्मतारीख बऱ्याच घरांत १ जानेवारी अशी अंदाजाने घातलेली असते. वयाच्या ८०व्या वर्षी पेन्शन २० टक्क्यांनी वाढते आणि ही वाढ कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. तारीख कागदोपत्री पक्की नसेल तर त्या वयात पुरावे शोधत बसावं लागतं. अपत्य दिव्यांग असेल तर त्याची नोंदही आत्ताच करून घ्या, कारण कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं.

नामनिर्देशन प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं: ग्रॅच्युइटी, फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि पेन्शनची थकबाकी. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून आईचंच नाव असल्याचं कितीतरी वेळा आढळतं. चारही फॉर्म पाहा.

पैशाचा हिशेब

पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या आणि मिलिटरी सर्व्हिस पेच्या (एमएसपी) निम्मी असते. एक्स ग्रुप पे (तांत्रिक ट्रेडचा जादा पगार) किंवा क्लासिफिकेशन भत्ता मिळत असेल तर तोही धरला जातो. उदाहरण घेऊ. हवालदार, मूळ पगार ३९,२००, एमएसपी ५,२००, एकूण ४४,४००. पेन्शन झाली २२,२००.

या पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो, म्हणजेच कम्युटेशन. चाळिशीच्या आसपास गुणक साधारण ९ असतो. ११,१०० गुणिले १२ गुणिले ९ म्हणजे जवळपास १२ लाख रुपये एकरकमी, तेही करमुक्त. त्या बदल्यात १५ वर्षं दरमहा ११,१०० कापले जातात, म्हणजे एकूण १९ लाख ९८ हजार. हे साधारण सव्वासात ते साडेसात टक्के व्याजाचं कर्ज आहे असं समजा. त्याचे दोन चांगले गुण आहेत. महागाई भत्ता पूर्ण २२,२०० वरच मिळत राहतो, आणि १५ वर्षं संपण्याआधी मृत्यू झाला तर वसुली थांबते व कुटुंब निवृत्तिवेतनाला धक्का लागत नाही.

घर बांधायचं असेल, किंवा याहून महाग व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर कम्युटेशन घ्या. ती रक्कम बचत खात्यात पडून राहणार असेल किंवा भावकीत उसनी जाणार असेल तर घेऊ नका, किंवा कमी टक्के घ्या. ५० टक्के घेतलेच पाहिजेत असा नियम नाही, फॉर्ममध्ये कमी आकडा लिहिता येतो. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत वैद्यकीय तपासणीशिवाय अर्ज करता येतो, त्यामुळे रेजिमेंटच्या सेंटरवर सगळे घेतात म्हणून घाईने सही करण्याची गरज नाही.

ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेला पाव पगार या हिशेबाने मिळते. २४ वर्षांना १२ पगार, त्यात महागाई भत्ता धरून. भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरला तर वरच्या उदाहरणात सुमारे ८ लाख होतात. शिवाय ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे, फंड आणि ग्रुप इन्शुरन्सची मुदतपूर्ती रक्कम.

आता दुसरी बाजू. त्याच उदाहरणात पगार आणि भत्ता मिळून ६६,६०० येत होते. पूर्ण कम्युटेशननंतर हातात येतात ११,१०० अधिक भत्त्याचे ११,१००, म्हणजे २२,२००. बरोबर एक तृतीयांश. त्यात राशन, कपडे आणि क्वार्टरही गेलेले असतात. शेवटच्या वर्षात सलग तीन महिने घरखर्च २२ हजारांत भागवून पाहा. किती कमी पडतं तो आकडा म्हणजे दुसऱ्या नोकरीतून किमान किती मिळवायचं त्याचं उत्तर.

पैसे जमा झाल्यावर पहिले सहा महिने मुदतठेवीतच राहू द्या. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना संरक्षण दलातून निवृत्त झालेल्यांना ५०व्या वर्षापासून खुली आहे, त्यामुळे ४२व्या वर्षी येणाऱ्या हवालदाराला ती अजून लागू नाही. सेंटरच्या गेटपासूनच विमा एजंट मागे लागतात. २० वर्षं हप्ते भरायची पॉलिसी पेन्शनरला विकणं हा त्याच्यावर अन्याय आहे, सही करू नका. प्लॉट घेताना सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट पाहिल्याशिवाय इसार देऊ नका, विकणारा मामेभाऊ असला तरी.

मुदतीआधी घरी येण्याचा विचार असेल तर

१५ वर्षांना काही महिने कमी असताना स्वतःहून डिस्चार्जचा कागद टाकू नका, पेन्शन हातची जाते. १५ पूर्ण झाली असली तरी एक गोष्ट माहीत हवी. २०१५च्या आदेशाने, त्यापुढे स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना वन रँक वन पेन्शनमधून (सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन) वगळलं आहे. घरच्या अडचणीसाठी दोन वर्षं आधी आलात तर त्याचा फरक आयुष्यभराच्या पेन्शनवर पडू शकतो.

रिलीज मेडिकल

तोफखान्यातल्या माणसाचे कान, पायदळातल्याचे गुडघे, ड्रायव्हरची कंबर. हे दुखणं सुटण्याआधीच्या वैद्यकीय बोर्डासमोर सांगायला जवान संकोचतात, कारण २० वर्षं फिट म्हणवून घेण्याची सवय लागलेली असते. शेवटच्या वर्षात तक्रार एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) लिहून घ्या आणि प्रत्येक चिठ्ठीची प्रत ठेवा. दुखण्याचा सेवेशी संबंध आणि किमान २० टक्के अपंगत्व, या दोन्ही गोष्टी बोर्डाने मान्य केल्या तरच अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळतं. नकार आला तर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करा. कागद नसतील तर अपिलात दाखवायला काही उरत नाही.

ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, वर्गणी एकदाच भरायची असते: हवालदारापर्यंत ३०,००० आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००. पॉलिक्लिनिक गावाजवळचं निवडा. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, त्याआधी कमावू लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंतच कार्डावर राहतो.

नोकरी

केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के, सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत १४.५ टक्के, आणि महाराष्ट्र शासनाच्या गट क व ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे जागा आपापल्या जात-प्रवर्गात मोजली जाते. म्हणून जातीचा दाखला आणि जात पडताळणी सुट्टीत येऊन सुरू करा, त्याला महिने लागतात. केंद्राच्या भरतीत डिस्चार्जला एक वर्ष उरलं की युनिटच्या प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो.

आता ज्या चुकीने अनेकांची चांगली नोकरी हुकली ती. केंद्राच्या नियमानुसार माजी सैनिक कोट्यातून एका नागरी नोकरीत रुजू झालात की पुढच्या नोकरीसाठी तो कोटा संपतो. यावर २०१४पासून एक सवलत आहे. रुजू होण्याआधी कुठे कुठे आणि कोणत्या तारखेला अर्ज केले आहेत याचं लेखी निवेदन नव्या कार्यालयाला दिलं, तर त्या अर्जांसाठी लाभ शाबूत राहतो. गार्डच्या नोकरीवर रुजू होताना क्लार्कच्या परीक्षेचा निकाल बाकी असेल तर हे पत्र देऊन पोच घ्या. नंतर दिलेलं पत्र चालत नाही.

१५ वर्षं सेवा झालेला मॅट्रिक जवान केंद्राच्या पदवी मागणाऱ्या गट क पदांना पात्र धरला जातो. तांत्रिक पदांना ही सूट नाही, आणि खासगी कंपनी तर खरी पदवीच मागते. सरळसेवा परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. २० वर्षं हिंदीत बोललेल्या माणसाचे गुण तिथेच जातात, त्यामुळे समास, प्रयोग आणि शुद्धलेखन शेवटच्या पोस्टिंगवरच उजळायला घ्या. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं.

पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, कोर्स जेसीओ आणि जवानांना मोफत असतात आणि सेवेच्या शेवटच्या काळात युनिटमार्फत मिळतात. घराजवळच्या शहरात आहे एवढ्यावरून कोर्स निवडू नका. मागच्या बॅचचे दोघे-तिघे शोधा आणि प्रमाणपत्रावर नोकरी मिळाली का ते विचारा. पुण्याच्या मेस्कोकडे (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) सुरक्षारक्षकांची कामं असतात. तिथे नाव नोंदवून ठेवा, पण परीक्षेचा अभ्यास चालू ठेवूनच.

अधिकारी दर्जाखालच्या माणसाला सरकारी नोकरी लागली तर पगार ठरवताना पेन्शन पूर्ण वगळली जाते, म्हणजे दोन्ही मिळतात. पेन्शन आहे म्हणून पगार कमी, असं कुणी सांगितलं तर लेखी मागा.

मुलं आणि घर

केंद्रीय विद्यालयात शिकलेल्या मुलाला गावच्या शाळेत मराठी लिहायला जड जातं. जमलं तर दहावी किंवा बारावीच्या आधल्या वर्षी शाळा बदलू नका. इंजिनिअरिंगसारख्या सीईटी प्रवेशांत महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी डिफेन्स-१ हा प्रकार आहे, त्याचं प्रमाणपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं. बारावीला ६० टक्के किंवा जास्त असतील तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाकडे करा. मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० मिळतात.

रेशनकार्डावर आणि मतदारयादीत नाव घाला. आसाम किंवा जम्मूची पासिंग असलेली गाडी आणत असाल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र तिथून निघण्याआधीच घ्या.

आणि घरात एक बोलणं आधीच करून ठेवा. इतकी वर्षं मुलांची शाळा, दवाखाना, सोसायटीचं कर्ज, शेताची पाळी हे सगळं पत्नीने एकटीने सांभाळलं आहे. आल्या आल्या सगळा कारभार हातात घेतला की घरात खटके उडतात. पहिले काही महिने ती कसं चालवते ते बघा आणि तिला विचारून कामं वाटून घ्या.

शेवटचा महिना आणि पहिले ९० दिवस

स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर आपली माहिती तपासून होकार द्यायचा असतो. हे शेवटचं फाटक आहे. खाते क्रमांक, पत्नीचं नाव, संयुक्त फोटो आणि कम्युटेशनची टक्केवारी स्वतः वाचा, क्लार्कला फक्त ओटीपी सांगून मोकळे होऊ नका. मोबाइल नंबर गावात रेंज असलेला आणि कायम राहणारा द्या. खातं पत्नीसोबत संयुक्त, दोघांपैकी कुणीही चालवेल असं असावं.

डिस्चार्ज बुक आणि १२ अंकी क्रमांकाचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात आला की पाच पाच झेरॉक्स काढून मूळ प्रती घरी ठेवा. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिक ओळखपत्र काढा. कॅन्टीन कार्डाचा अर्ज द्या, आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत एका राहत्या घराच्या घरपट्टी माफीचा अर्ज टाका.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन दाखला, भरताना मंजुरी अधिकारी पीसीडीए (पेन्शन), म्हणजे प्रयागराजचं पेन्शन कार्यालय, आणि वितरण संस्था स्पर्श हेच पर्याय निवडा. सेवा केंद्रातला मुलगा सवयीने बँकेचं नाव निवडतो, दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते. दाखला भरल्यावर स्पर्शवर पुढच्या वर्षाची तारीख दिसते का ते पाहा. हयातीचा दाखला राहिला आहे, ओटीपी सांगा, असा फोन आला तर तो ठेवून द्या. स्पर्शकडून कुणी फोनवर ओटीपी मागत नाही.