माझा अनुभव: जुन्या एल-७ ची तिसरी तार वर का चढत होती

माझ्याकडची गिब्सन एल-७ ही आर्चटॉप (फुगीर पोटाची) गिटार विकणाऱ्याने चाळीशीच्या सुरुवातीची म्हणून सांगितली होती, पण एफ-होलमधून (पोटावरच्या एफ आकाराच्या भोकातून) आत टॉर्च मारला तर पांढरं लेबल आणि ए ने सुरू होणारा नंबर, म्हणजे १९४७ ते १९५४ मधलीच, कारण ती नंबर मालिका १९४७ ला सुरू झाली आणि १९५५ पासून लेबल केशरी झालं. असो, खरा त्रास सुराचा होता. खालच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळं ठीक, पण बाराव्या फ्रेटला जी ची, म्हणजे तिसरी तार सुरात चांगलीच वर चढायची. ब्रिज (पोटावरचा तारांचा आधार) कितीही सरकवा, ती सुधारली की बाकीच्या बिघडायच्या! मग सॅडल (ब्रिजचा वरचा भाग, ज्यावर तारा टेकतात) नीट बघितलं तर त्याच्या खाचा वाउंड (वर बारीक तार गुंडाळलेल्या) जी साठी कोरलेल्या, आणि आधीच्या मालकाने प्लेन (साधी, न गुंडाळलेली) तार लावलेली, म्हणून ती चढायची. १२ चा (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची) फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारांचा सेट आणला, त्यात तिसरी वाउंडच असते. तारा एकेक करून बदलायच्या बरं का, सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज सुटून हातात येतो, तो चिकटवलेला नसतोच. मग बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं हलकं बोट लावून येणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवला, दाबलेला चढा आला की ब्रिज टेलपीसकडे (तारा जिथे अडकवतात त्या टोकाकडे) केसभर सरकवायचा. आता वरच्या कॉर्ड्स काय सुंदर वाजतात!