परदेशातल्या गरजू बाळांसाठी टोपडं विणताना

विणता येणाऱ्या माणसाकडे गरजू बाळांचा विषय निघाला की त्याला पहिल्यांदा स्वेटर सुचतो, तोही नक्षीचा, बटणांचा. जरा थांबा. कपडे ज्या संस्थेमार्फत जाणार आहेत, तिला आधी तीन गोष्टी विचारा: बाळं केवढी आहेत, कपडे कुठे जाणार आहेत आणि तिथे ते धुतात कसे?

लोकर ठरते ती तिसऱ्या प्रश्नावर. सॅन फ्रान्सिस्कोत २००१ साली सुरू झालेल्या ‘अफगाण्स फॉर अफगाण्स’ या उपक्रमात अफगाणिस्तानसाठी स्वयंसेवकांनी विणलेल्या टोप्या, मोजे, पांघरुणं घेत. पण खरी लोकर किंवा तसाच प्राणिज धागा हवा, अ‍ॅक्रिलिक चालत नसे. अट रास्तच होती. खरी लोकर दमट झाली तरी ऊब धरते, आणि शेगडीची ठिणगी उडाली तर अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. याउलट जिथे सगळ्या बाळांचे कपडे एकत्र गरम पाण्यात धुतले जातात, त्या रुग्णालयात किंवा अनाथालयात खरी लोकर आटून बाहुलीच्या मापाची होते. तिथे अ‍ॅक्रिलिकच बरं. दुकानदार ‘बेबी वूल’ म्हणून देतो ते बहुतेकदा अ‍ॅक्रिलिकच असतं. वेष्टनावरचं लेबल वाचून घ्या.

काय विणायचं? माझं मत विचाराल तर टोपडं. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि तिथून बरीच ऊब जाते. शिवाय १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटाला डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायची पद्धत सुरू केली, ती ‘कांगारू मदर केअर’ म्हणून आता जगभर वापरतात. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच असतं. स्वेटर मध्ये आला तर आईची ऊब बाळापर्यंत पोहोचायची कशी!

पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आठ नंबरच्या (४ मिमी) सुया आणि डबल निटिंग (म्हणजे मध्यम) जाडीची लोकर घ्या. ५० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण दोन टोपडी होतात.

७४ टाके सैल हाताने घाला. घट्ट घातले तर कपाळावर वळ उठतो. पहिली ओळ २ सुलट, २ उलट अशी विणत जा, शेवटी २ सुलट येतील. मागच्या बाजूच्या ओळीत टाके जसे दिसतील तसे विणा. अशा १० ओळींची बॉर्डर झाली की एक ओळ सुलट, एक उलट असं विणत सुरुवातीपासून ११ सेंमी उंची गाठा.

आता टाके कमी करायचे. सुलट ओळीत पहिला टाका सुलट, मग ‘७ सुलट, २ एकत्र’ (दोन टाक्यांचा एक) असं आठ वेळा, शेवटचा सुलट. पुढची ओळ उलट. दर सुलट ओळीत मधले ७ चे ६, ६ चे ५ करत जा. सुईवर १८ टाके राहिले की हातभर शेपूट ठेवून धागा तोडा, दाभणाने सगळ्या टाक्यांतून दोनदा ओवून आवळा आणि त्याच धाग्याने बाजू शिवा. शिवण सपाट हवी. बाळ त्याच अंगावर झोपतं.

कमी दिवसांच्या बाळासाठी ५८ टाके, ८ सेंमी उंची, आणि कमी करताना ‘५ सुलट, २ एकत्र’पासून सुरुवात.

गोंडा, बटण, रिबीन, बांधायच्या नाड्या काहीही नको. नाडी गळ्याभोवती अडकते, बटण तोंडात जातं. दुरंगी नक्षीत मागे लोंबणारे धागेही नकोत. मोजे विणलेत तर उलटे करून आतून बोट फिरवा: सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर रक्त अडतं आणि ते लवकर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

धुवून, वाळवून द्या. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर लांब ठेवा. चिठ्ठीवर माप, धागा आणि धुण्याची रीत लिहा.

एकट्याने परस्पर पार्सल करू नका. टपालखर्च लोकरीच्या किमतीच्या वर जातो आणि घेणाऱ्याला सीमाशुल्क भरावं लागू शकतं. गोळा करणाऱ्या गटाकडेच द्या, तेही वेळेत. जहाजाच्या खोक्यांना कित्येक आठवडे लागतात. डिसेंबरच्या थंडीची टोपडी मे-जूनमध्येच सुईवर चढायला हवीत.