पीडीएफ करताना अंतर्गत दुवे शाबूत कसे ठेवावेत: द्विभाषिक अहवाल आणि स्मरणिका तयार करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांच्या स्मरणिका आता छापील प्रतींबरोबरच पीडीएफच्या रूपानेही लोकांच्या मोबाइलवर जातात. अहवाल मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असला की पाने दुप्पट होतात आणि ताळेबंद शोधण्यासाठी सभासदाला बोटाने पन्नास-साठ पाने सरकवावी लागतात. अनुक्रमणिकेतील ओळीला स्पर्श करताच नेमके पान उघडले आणि मराठी ताळेबंदावरून त्याच्या कन्नड रूपाकडे लगेच जाता आले, तर ज्येष्ठ सभासदही अहवाल मनापासून वाचतात, असा माझा अनुभव आहे. मूळ फाइलमध्ये चालणारे हे दुवे पीडीएफमध्ये मात्र निकामी होतात, ही तक्रार आमच्या डीटीपीच्या व्यवसायात नित्याची झाली आहे. ती का उद्भवते हे एकदा नीट समजून घेतले, तर उपाय फारसे अवघड नाहीत.

पीडीएफमधील अंतर्गत दुवा म्हणजे पानावरील मजकुरावर ठेवलेली एक अदृश्य चौकट असते. त्या चौकटीबरोबर ‘अमुक पान, त्या पानावरील अमुक जागा’ असा पत्ता नोंदवलेला असतो, किंवा एखादे नाव दिलेले असते आणि त्या नावाचा पत्ता फाइलमध्ये अन्यत्र ठेवलेला असतो. अक्षरांचा निळा रंग किंवा त्यांखालची रेघ यांचा दुव्याशी काहीही संबंध नसतो. चौकट गेली तरी रंग आणि रेघ जशीच्या तशी राहतात आणि म्हणूनच पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसते. आपण ‘प्रिंट’ची आज्ञा देऊन यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडतो, तेव्हा वर्ड कागदावर उमटवायचा मजकूर तेवढा छपाईयंत्राला देतो. कागदावर दुवा उमटत नसल्यामुळे ती चौकट पुढे जातच नाही. माझ्याकडे आलेल्या निकामी फाइलींपैकी बहुतेकांचे मूळ या एका सवयीत होते. त्यामुळे पहिला नियम असा की पीडीएफ कधीही ‘प्रिंट’मधून करू नये, वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’, लिबरऑफिस रायटरमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ आणि गूगल डॉक्समध्ये ‘डाउनलोड’ हाच मार्ग धरावा. मॅकवरील वर्डमध्ये पीडीएफ साठवताना दोन पर्याय समोर येतात. त्यांपैकी छपाईसाठीचा पर्याय सोडून इलेक्ट्रॉनिक वितरणासाठीचा पर्याय निवडावा.

मात्र मार्ग बरोबर असला तरी मूळ फाइलमध्ये दुवाच नसेल तर तो पीडीएफमध्ये येणार कुठून? आपल्याकडे अजूनही अनेक जण शीर्षक ठळक करून, अक्षर मोठे करून, मध्यभागी आणून समाधान मानतात आणि अनुक्रमणिका टॅब व टिंबे देत हाताने टाइप करतात. वर्डच्या दृष्टीने असे शीर्षक म्हणजे एक साधी ओळच असते. प्रत्येक मुख्य शीर्षकाला ‘हेडिंग १’, उपशीर्षकाला ‘हेडिंग २’ ही स्टाइल लावावी, तिचे रूप आपल्याला हवे तसे बदलून घ्यावे आणि ‘रेफरन्सेस’ या टॅबवरून अनुक्रमणिका आपोआप तयार करून घ्यावी. ‘कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स’च्या चौकटीत पृष्ठक्रमांकांऐवजी हायपरलिंक वापरण्याचा एक पर्याय असतो. त्याच्या नावावरून पृष्ठक्रमांक नाहीसे होतील असे वाटते आणि पुष्कळ जण तो काढून टाकतात. प्रत्यक्षात छापील मांडणीत पृष्ठक्रमांक कायम राहतात आणि अनुक्रमणिकेतील ओळी दुवे बनतात त्या याच पर्यायामुळे, म्हणून तो निवडलेलाच ठेवावा.

मजकुराच्या ओघात ‘परिशिष्ट ३ पाहा’ किंवा ‘कन्नड आवृत्ती पृष्ठ ४१’ असे लिहायचे असेल तेव्हा तो आकडा हाताने टाइप करू नये. ‘क्रॉस-रेफरन्स’ने तो घालावा आणि तेथील ‘इन्सर्ट ॲज हायपरलिंक’ हा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करावी. शीर्षक नसलेल्या एखाद्या जागेकडे, उदाहरणार्थ ताळेबंदातील एखाद्या टिपेकडे, दुवा द्यायचा असेल तर त्या जागेवर बुकमार्क, म्हणजे नाव दिलेली न दिसणारी खूण, ठेवून ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’मधून त्याच्याशी दुवा जोडावा. बुकमार्कचे नाव अक्षराने सुरू व्हावे लागते, त्यात मोकळी जागा चालत नाही आणि ते चाळीस चिन्हांपेक्षा मोठे असू शकत नाही. ही नावे मी रोमन लिपीत आणि छोटी ठेवतो. ती वाचकाला दिसत नसल्यामुळे त्यांचे सौंदर्य महत्त्वाचे नसते.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. अनुक्रमणिका करताना वर्ड प्रत्येक शीर्षकाभोवती न दिसणारा बुकमार्क ठेवते. संचालकांनी शेवटच्या क्षणी शीर्षक बदलायला सांगितले आणि आपण जुने शीर्षक संपूर्ण पुसून नवे टाइप केले, तर त्याबरोबर तो बुकमार्कही पुसला जातो. म्हणून शीर्षकाच्या आत कर्सर ठेवून शब्द दुरुस्त करावेत. सर्व दुरुस्त्या संपल्यावर कंट्रोल-ए आणि मग एफ-९ दाबून सर्व क्षेत्रे (फील्ड्स, म्हणजे वर्ड आपोआप भरते ते आकडे आणि मजकूर) अद्ययावत करावीत, अनुक्रमणिका संपूर्ण नव्याने करण्याचा पर्याय निवडावा आणि फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधावा. कुठे ‘बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ किंवा ‘रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ अशी ओळ सापडली तर तो तुटलेला दुवा पीडीएफ करण्यापूर्वीच पुन्हा जोडता येतो.

आता आपल्या सीमाभागात सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या प्रश्नाकडे येतो. मराठी मजकूर श्रीलिपीत आणि कन्नड मजकूर नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये, अशी मिश्र फाइल आपल्याकडे सर्रास येते. या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी किंवा कन्नड आकृती काढतो. पानावर सारे ठीक दिसते, पण पीडीएफच्या डाव्या बाजूला जी बुकमार्कांची, म्हणजे शीर्षकांच्या दुव्यांची, पट्टी उघडते, ती आपला फॉन्ट वापरत नाही. तिथे शीर्षके वाचकाच्या यंत्रावरील नेहमीच्या फॉन्टमध्ये दिसतात आणि ‘नफा-तोटा पत्रक’ या ठिकाणी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राहते. दुवा चालत असतो, पण तो कशाचा आहे हे कोणालाच कळत नाही. वर्डमधील अनुक्रमणिकेचेही असेच होऊ शकते, कारण ‘टीओसी १’, ‘टीओसी २’ या अनुक्रमणिकेच्या ओळींच्या स्टाइलना स्वतःचा फॉन्ट असतो.

यावरचा खरा उपाय युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची समान संकेतपद्धती, हाच आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांना स्वतंत्र संकेतांक आहेत, त्यामुळे एकाच फाइलमध्ये, एकाच अनुक्रमणिकेत आणि बुकमार्कांच्या एकाच पट्टीत दोन्ही लिपी आपापल्या रूपात दिसतात. विंडोजसोबत येणाऱ्या ‘निर्मला यूआय’ या फॉन्टमध्ये दोन्ही लिपी आहेत. वेगवेगळे वळण हवे असेल तर मराठीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा घेता येतो. संपूर्ण अहवाल रूपांतरित करायला वेळ नसेल तर निदान शीर्षके युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावीत आणि मजकूर जुन्या फॉन्टमध्ये राहू द्यावा. ही तडजोड आहे, कारण मजकुरात शब्द शोधण्याची सोय त्यामुळे मिळत नाही. पण वाटा दाखवणाऱ्या पाट्या तरी वाचता येतात. दोन भाषांच्या वाचकांना एकच पुस्तिका द्यायची असेल तर एवढे कष्ट घेणे हे मी आपले कर्तव्य मानतो.

वर्डमध्ये पीडीएफ साठवताना ‘ऑप्शन्स’ उघडून ‘क्रिएट बुकमार्क्स युजिंग’खालील ‘हेडिंग्ज’ निवडावे, म्हणजे ही पट्टी तयार होते. लिबरऑफिसमध्ये त्यासाठी ‘एक्स्पोर्ट आउटलाइन्स’ हा पर्याय आहे, जुन्या आवृत्त्यांत त्याचे नाव ‘एक्स्पोर्ट बुकमार्क्स’ असे होते. लिबरऑफिसमधील अनुक्रमणिकेच्या ओळी दुवे होत नसतील तर अनुक्रमणिकेच्या ‘एंट्रीज’ या भागात जाऊन ओळीच्या आधी आणि नंतर हायपरलिंकची खूण घालावी लागते.

अहवालात लेखापरीक्षकांच्या सहीची पाने शेवटी येतात आणि ती स्कॅन केलेली असतात. एका अहवालाच्या वेळी मी तयार पीडीएफचे तुकडे करून, मधे स्कॅन केलेली पाने घालून सारे पुन्हा एका जोडणी-संकेतस्थळावर एकत्र केले. सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री लक्षात आले की अनुक्रमणिकेतील एकही दुवा चालत नव्हता. तुकडे करताना दुवा एका फाइलीत आणि त्याचे पान दुसऱ्या फाइलीत गेले होते. तेव्हापासून मी स्कॅन केलेले पान चित्र म्हणून वर्डमध्येच, हेडिंग स्टाइलच्या शीर्षकाखाली ठेवतो आणि पीडीएफ एकदाच करतो. सहीची पाने पीडीएफ झाल्यावरच हाती येणार असतील तर त्यांच्या जागी शीर्षकासह कोरी पाने ठेवावीत आणि नंतर ॲक्रोबॅटमधील ‘रिप्लेस पेजेस’ने ती बदलावीत. या क्रियेत पानावरील मजकूर आणि चित्र तेवढे बदलते, जुन्या पानाशी जोडलेले दुवे आणि बुकमार्क तसेच राहतात.

फाइल मोठी झाली म्हणून ती एखाद्या संकेतस्थळावर दाबून लहान करण्याचा मोह टाळावा, कारण काही ठिकाणी या प्रक्रियेत दुवे गळतात. वर्डमध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरून छायाचित्रे आधीच लहान करून घ्यावीत.

पीडीएफ २००८ पासून आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक असले, तरी मोबाइलवरील प्रत्येक वाचक-ॲप त्यातील सर्व सोयी सारख्याच नीटपणे पाळते असे नाही. म्हणून संगणकावर अनुक्रमणिकेतील प्रत्येक ओळ आणि दोन भाषांमधील प्रत्येक परस्पर दुवा दाबून पाहिल्यावर तीच फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून स्वतःलाच पाठवावी आणि एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून पुन्हा तपासावी. अहवाल आणि परिशिष्टे वेगवेगळ्या फाइलींत ठेवून त्यांच्यात दुवे दिले असतील तर ते येथे हमखास तुटलेले दिसतील, कारण आपल्या संगणकावरील फोल्डर सभासदाच्या फोनवर नसतो. अशी परिशिष्टे मुख्य फाइलीत समाविष्ट करून पीडीएफ नव्याने करावी आणि मगच ती गटावर पाठवावी.