कंपनीकडून तुमची माहिती फुटली? या चुका टाळा

‘तुमची माहिती फुटली आहे, इथे क्लिक करा’ असा मेल आला की घाबरून त्याच लिंकवर बोट जातं. भामट्यांना हेच हवं असतं. फुटलेल्या यादीतून तुमचं नाव आणि नंबर त्यांना मिळालेला असतो, म्हणून त्यांचा मेल अगदी खरा वाटतो. लिंक सोडा. कंपनीचं अॅप स्वतः उघडून नेमकं काय फुटलं ते वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पासवर्ड फुटला तर फक्त त्या कंपनीचा बदलून भागत नाही. तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथे बदला, पण सुरुवात ईमेलपासून करा. बाकी सगळ्या खात्यांचे नवे पासवर्ड तिथूनच मिळवता येतात. बदलल्यावर ‘सर्व उपकरणांतून लॉग आउट’ करायचं राहू नये. आधीच आत शिरलेला माणूस कधी कधी नुसत्या नव्या पासवर्डने बाहेर पडत नाही. कार्ड फुटलं असेल तर ब्लॉक करून नवं मागवा, विषय संपला.

खरी अडचण आधार-पॅनची. ते बदलता येत नाहीत, आणि बहुतेक लोक नेमकं तिथेच काही करत नाहीत. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर, ओटीपीशिवाय पैसे काढता येतात. ठशाची नक्कल आणि आधार क्रमांक एवढं चोराला पुरतं. आधारच्या अधिकृत अॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे ओळख, लॉक करा. मग रेशनच्या दुकानात अंगठा चालला नाही आणि ३३० हा एरर आला तर मशीन बिघडलेलं नाही, तुमचंच लॉक लागलेलं आहे. तात्पुरतं उघडलं की दहा मिनिटं मिळतात. आधार कुठे कुठे वापरला गेला, त्याचा सहा महिन्यांचा इतिहासही तिथेच दिसतो.

तुमच्या पॅनवर दुसऱ्याने कर्ज काढलं तर ते क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदवहीत, उमटतं. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही एकाच दिवशी मागवू नका. दर तीन महिन्यांनी एकेकाकडून घ्या, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. अनोळखी ‘इन्क्वायरी’ (कर्ज देण्याआधी कुणी तुमचा रिपोर्ट तपासल्याची नोंद) दिसली की लगेच तक्रार टाका. तुमच्या नावावर किती सिम आहेत, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर बघा.

गोव्यात हॉटेलात, भाड्याच्या खोलीला, भाड्याच्या दुचाकीला आधारची झेरॉक्स सहज दिली जाते. शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालेल का, ते आधी विचारा.

पैसे गेलेच तर पासबुक घेऊन शाखेच्या रांगेत उभं राहण्यात वेळ घालवू नका. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग बँकेला लेखी कळवा, मग सायबर पोलीस ठाण्यात जा; गोव्यात ते रायबंदरला आहे. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात होतं. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंत गेलेल्या रकमेचं नुकसान तुमचं, असंही त्यात होतं. कंपनीचा तो मेल मात्र पुसू नका. माहिती तुमच्याकडून फुटली नाही, हे दाखवायला तो कामी येतो.