आधी कवटी, मग चेहरा

चेहरा काढायला बसलं की हात आधी डोळ्यांकडे जातो. डोळे, नाक, ओठ मन लावून होतात आणि उरलेल्या जागेत कपाळ कसंबसं कोंबलं जातं. मग डोकं चपटं दिसतं, कितीही शेडिंग केलं तरी. यावर इलाज म्हणजे महिनाभर कवटी काढणं. खऱ्या मापाची, जबडा हलणारी प्लास्टिकची कवटी घ्या. शोभेच्या कवट्यांवर भरवसा ठेवू नका, त्यांची मापं बिघडलेली असतात.

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, तिच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. एकच टेबललॅम्प डावीकडून, थोडा वरून. कवटी पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून डोळ्यांच्या पातळीला आणा आणि दीडेक मीटर लांब बसा. कार्ट्रिज कागद (चित्रकलेचा जाड कागद), २बी आणि ६बी पेन्सिल, मऊ खोडरबर एवढं पुरतं. पावसाळ्यात मुंबईत कागद ओल धरतो, पेन्सिल रुतते आणि खोडताना कागदाची लव निघते. त्यामुळे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या फाइलमध्ये बंद ठेवा.

सुरुवात बाजूने करा. उंची १५ सेंमी घेतली तर पुढून मागपर्यंत साधारण १३ सेंमी येतात, म्हणजे जवळजवळ चौकोनच. नवखा हात १०-११ वर थांबतो आणि डोक्याची मागची बाजू कापली जाते. कानाचं भोक या पुढून-मागच्या अंतराच्या मध्याच्या किंचित मागे येतं. जबड्याचा सांधा त्याला लागूनच, पुढे. तो खाली घसरला की चेहरा लांबट होतो. खात्री करायची तर कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा, बोटाखाली खळगा पडेल. आता बोटं कानशिलावर ठेवून दात आवळा. तिथे फुगणारा स्नायू गालाच्या हाडाच्या कमानीआडून जबड्यापर्यंत उतरतो, म्हणून कमान आणि कवटी यांच्यात फट असते. ती फट गडद केली की गालाचं हाड आपोआप पुढे येतं.

समोरून १५ बाय १० सेंमीची चौकट आखा. उंचीच्या मध्यावरची आडवी रेघ डोळ्यांच्या खोबण्यांमधून जाते. खोबण्या गोल काढू नका. त्या कोपरे घासलेल्या चौकोनासारख्या असतात, बाहेरच्या बाजूला उतरत्या. आत सरसकट काळं भरू नका. वरची कड सर्वांत गडद, तळाशी थोडा उजेड सोडा. नाकाचं भोक उलट्या पिंपळपानासारखं, खाली रुंद. दात मोजत बसू नका, आधी घोड्याच्या नालेसारखी त्यांची वळलेली पट्टी आखून घ्या.

हात बसला की घारापुरीला जा (सोमवारी लेणी बंद असतात). तिथल्या सुमारे २० फूट उंच सदाशिवाच्या मूर्तीत मधला चेहरा समोरून आणि कडेचे दोन बाजूने दिसतात, म्हणजे दोन्ही अभ्यास एकाच जागी. पण तुम्ही खालून बघत असता, त्यामुळे डोळ्यांची आणि ओठांची रेघ दोन्ही टोकांना खाली झुकते. ती सरळ आखली तर मूर्तीची उंची कागदावर उतरत नाही.

माणसांच्या स्केचसाठी फलाट उत्तम. उभ्या माणसाची उंची साधारण त्याच्या डोक्याच्या साडेसात पट, तिचा मध्य जांघेपाशी. एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खळग्यातून सोडलेला ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी येतो. तो चुकला तर माणूस कलंडतो, म्हणून ही रेघ सगळ्यांत आधी. भार असलेल्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. लोकलमध्ये हँडल धरून उभ्या माणसाचं मात्र निराळं. वर गेलेल्या हाताबरोबर खांद्याचं पातंही सरकतं आणि बरगड्यांची बाजू ताणते. नुसता हात वर काढला तर तो चिकटवल्यासारखा दिसतो.

स्लो लोकलमध्ये दोन स्टेशनांमध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात डोकं, कणा आणि पाय एवढंच. कुणी अवघडलं तर पान उलटा. माणूस मध्येच उतरला तर राहिलेलं मनाने पुरं करू नका, कारण ओळखीची चूक तिथेच परत शिरते. शेजारी दुसरं डोकं सुरू करा.