ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिसऱ्यातच अडकला तेव्हा

गाडी जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक. सायनच्या सिग्नलवरून निघताना अचानक उचलच घेईना. इंजिन ओरडतंय आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. रिव्हर्स मात्र व्यवस्थित.

जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल." आकडा असा की त्यात दुसरी जुनी गाडी आली असती! मला पटेना. क्लच प्लेटा जळल्या तर तेल काळपट होतं, करपट वास येतो. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पाहिली: पातळी बरोबर, तेल लालसर.

पुढे जायला एकच गिअर, तोही तिसरा, म्हणजे बहुधा लिंप मोड, गाडीची बचावाची अवस्था. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला (छोट्या संगणकाला) दोष दिसला की ते सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा, पुरवठा तोडतं आणि गिअरबॉक्स एकाच गिअरवर राहतो. गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर दोन कोड आले. पी०७०० नुसतं 'ट्रान्समिशनमध्ये बिघाड' एवढंच सांगतो. कामाचा पी०७५३: शिफ्ट सोलेनॉइड 'ए'च्या सर्किटमध्ये दोष.

बॅटरीची तार काढून गिअरबॉक्सवरचा कनेक्टर सोडवला, तर पिनांवर हिरवा गंज. पावसाळ्यात दादरच्या हिंदमाताला तुंबलेलं पाणी लागलं होतं, त्याचाच हा प्रसाद. मल्टिमीटरवर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मॅन्युअलमधल्या मर्यादेत होता, म्हणजे तो ठणठणीत. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या, खाल्ली गेलेली एक बदलली, कोड पुसले. आता सगळे गिअर मुकाट पडतात. कनेक्टरचं रबर सील कडक झालंय, ते कुर्ल्याहून आणायचंय. तोवर साचलेल्या पाण्यात गाडी घालत नाही.