शतधौत घृत घरी कसं करावं

शतधौत म्हणजे शंभर वेळा धुतलेलं. दाहावर, म्हणजे अंगाच्या जळजळीवर, हे तूप लावायला चरकसंहितेत सांगितलं आहे. ते करायला लागतं फक्त तूप, पाणी, तांब्याची परात आणि पुष्कळ चिकाटी.

परात चिंच-मिठाने घासून, नीट धुऊन कोरडी करा. हिरवट डाग उरता कामा नये. गाईचं साजूक तूप छोटी वाटीभर, साधारण 100 ग्रॅम घ्या. ते थिजलेलं हवं, वितळलेलं नको, आणि आंबूस वासाचं तर मुळीच नको.

परातीत तूप घालून त्यावर वाटीभर गार पाणी ओता. तळहाताने गोल गोल फेसा. दोन-तीन मिनिटांनी पाणी ओतून द्या, की झालं एक धुणं. सुरुवातीला तूप नुसतं निसटतं, हाताला काही लागतच नाही. मग हळूहळू ते पाणी धरू लागतं, पांढरं पडतं आणि फुगतं. मोजायला शंभर चिंचोके घ्या आणि दर धुण्याला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाका. तोंडी मोजणी चाळिशीनंतर हमखास चुकते. सगळं मिळून चार-पाच तास लागतात, म्हणून घरातल्यांना पाळीपाळीने बसवा. उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरा, नाहीतर तूप विरघळतं. साठावर थांबून पाहिलंय मी, पण ते रवाळच राहिलं.

शेवटी तुपाचा वास जवळपास जातो आणि लोण्याहून मऊ, पांढरंशुभ्र मलम हाती येतं. उरलेलं पाणी दाबून काढा, काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि कोरड्या चमच्यानेच घ्या. आत पाण्याचा अंश राहतोच, त्यामुळे थोडंच करा. आंबूस वास किंवा हिरवी झाक आली की सरळ टाकून द्या. हे खायचं नाही.

टाचांच्या भेगांना रात्री पाय धुऊन, पुसून लावा आणि वर सुती मोजे घाला. फुटलेले ओठ आणि थंडीने खरखरीत झालेले हात यांनाही चालतं. आधी मनगटावर थोडं लावून एक दिवस पाहा.

उघड्या, खोल किंवा पू झालेल्या जखमेवर मात्र लावू नका. मधुमेह असेल तर पायाची साधी भेगही डॉक्टरांना दाखवा. आणि नुकतं भाजलं असेल तर तूप नको, टूथपेस्टही नको. तेलकट थराखाली उष्णता कोंडते. भाजलेला भाग 20 मिनिटं नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली धरा. फोड मोठे असतील तर दवाखाना गाठा.